कॅमेऱ्याला शिकवलं कुणी? बेळगाव भागातल्या कारखानदारांना आणि कौशल्य प्रशिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शेडच्या नोटीस बोर्डावर एकाच दिवशी दोन कागद लागले. एकावर लिहिलं होतं की तपासणी विभागात आता कॅमेरा काम करणार, त्यामुळं तिथली ठेकेदाराकडची माणसं महिनाअखेर कमी होतील. दुसरा कागद प्रशिक्षणाचा होता. ऑटोमेशन, रोबोट, डेटा असा तीन महिन्यांचा वर्ग, फी सरकार भरणार. खाली अटी होत्या. वय ३५ च्या आत, शिक्षण डिप्लोमा किंवा आयटीआय, माध्यम इंग्रजी, अर्ज फक्त ऑनलाइन.

पहिल्या कागदानं ज्यांचं काम गेलं, त्यांच्यातलं एकही माणूस दुसऱ्या कागदात बसत नव्हतं. तपासणीतल्या सगळ्यात लहान बाईचं वय ३८ आहे. मी ते दोन कागद शेजारी शेजारी वाचले आणि त्याच रात्री हे पत्र लिहायला बसलो.

मी येळ्ळूरचा. १९९६ साली, सतराव्या वर्षी, उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. आधी झाडलोट, मग बुरादा भरणं, मग लेथवर जॉब बांधणं. आमच्या मिस्त्रींनी पहिले सहा महिने मला मायक्रोमीटरला हात लावू दिला नाही. म्हणायचे, "आधी बोटाला माप कळू दे, मग स्क्रूला विचार." २००७ मध्ये शेडमध्ये पहिलं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, आलं तेव्हा जुन्या लेथवाल्यांपैकी मी आणि माझा एक जोडीदार, असे दोघंच त्याच्यापुढं उभे राहिलो. बाकीच्यांनी हात जोडले. आज मी सेटर आहे, सहा मशीनची सेटिंग माझ्याकडं असते. हे सांगायचं कारण इतकंच की मशीन नको म्हणणाऱ्यातला मी नव्हे. सीएनसीनं माझा पगार वाढला, पाठ वाचली, पोरीचं शिक्षण झालं.

आणि तुमची अडचणही मला कळते. पुण्याचा ग्राहक आता प्रत्येक पीसवर कोड मागतो. कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीतल्या एका वेळच्या रसाचं, ओतकाम, कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप किती आलं, सगळं त्या कोडमधून निघायला हवं. एक सदोष पीस तिकडं पोचला तर सगळी लॉट परत येते. कोल्हापूरकडच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांनी हे सुरू केलं आणि आपण केलं नाही, तर काम महामार्गानं दोन तासात तिकडं जाईल. वडगावात माझ्या सासुरवाडीला चार माग होते. इचलकरंजीत बिनधोट्याचे माग आले, आणि आमचे चार माग भंगारात किलोच्या भावानं गेले. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मशीन थांबवा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी एका कॅमेऱ्यापासून सांगतो.

आमच्याकडं हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या, म्हणजे तेलाच्या दाबावरच्या झडपांच्या, लोखंडी बॉडी होतात. ओतकामातून आलेली बॉडी मशीनवर तयार झाली की तपासणीच्या टेबलावर जाते. तिथं बायका ट्यूबलाइटखाली एकेक पीस फिरवून बघतात. ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, आहे का, कुठं बर, म्हणजे कडेचा धारदार कपचा, राहिलाय का, कोपऱ्यात चीर आहे का. सगळ्यात अवघड असतं ते तेलाचा डाग आणि चीर यातला फरक ओळखणं. दोन्ही काळ्या रेघेसारखे दिसतात. तिथं अकरा वर्षं काम केलेली शहापूरची एक बाई आहे, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का पीस उजेडात थोडा तिरका करायची. डागाची चकाकी सरकते, चिरेची सावली जागा सोडत नाही. एवढं बघून ती पीस डावीकडं किंवा उजवीकडं ठेवायची. दिवसाला हजाराच्या वर पीस.

कॅमेरा आला तेव्हा त्याला काहीच येत नव्हतं. अशा कॅमेऱ्याला आधी हजारो फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येक फोटोवर कुणीतरी सांगावं लागतं की हा चांगला, हा वाईट, आणि वाईट असेल तर कुठं वाईट. ते काम अक्काला दिलं. सहा आठवडे ती स्क्रीनपुढं बसली. चांगल्याला हिरवं बटण, वाईटाला लाल, आणि चिरेभोवती माउसनं चौकट. तिनं आयुष्यात माउस पहिल्यांदा धरला होता. पहिल्या दोन आठवड्यांत कॅमेरा डागाला चीर समजून भरमसाट चांगला माल बाद करत होता. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर पोरगा हैराण झाला. तेव्हा अक्कानं त्याला हातानं पीस तिरका करून दाखवला. त्यानं बाजूनं तिरका पडणारा दुसरा दिवा बसवला, प्रत्येक पीसचे एकाऐवजी दोन फोटो घ्यायला लावले, आणि कॅमेरा ताळ्यावर आला.

सहा आठवड्यांनी अक्काला सांगितलं, एक तारखेपासून येऊ नका.

कॅमेऱ्यात आज जे ज्ञान आहे ते तिच्या डोळ्यांचं आहे. पण त्याचा कुठल्याच कागदावर उल्लेख नाही. कॅमेरा बसवणाऱ्या कंपनीचं बिल निघालं, सॉफ्टवेअरची वर्षाची फी ठरली. अक्काला त्या सहा आठवड्यांचा नेहमीचा रोज मिळाला. पुढच्या महिन्यात नवी बॉडी उत्पादनाला येतेय. तिचा आकार वेगळा, कोपरे वेगळे, म्हणजे कॅमेऱ्याला पुन्हा शिकवावं लागणार. कोण शिकवणार? मी हे आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बघू, पुण्याहून कुणीतरी येईल." पुण्याहून येणाऱ्यानं आमचं ओतकाम कधी हातात धरलेलं नाही.

हे एका कॅमेऱ्यापुरतं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मशीन शिकतं ते माणसाकडून, ही गोष्ट जुनी आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत मिस्त्रीनं हातानं चालवलेल्या मशीनची हालचाल टेपवर उतरवून तीच पुन्हा चालवायचे प्रयोग झाले होते. मग १९५२ साली तिथल्याच एमआयटी या तंत्र विद्यापीठात न्यूमेरिकल कंट्रोलचं, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रॅमवर चालणारं, पहिलं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. पुढं तीच वाट रूढ झाली आणि प्रोग्रॅम शेडमधून ऑफिसात गेला. तेव्हापासून कारागिराच्या हातातलं ज्ञान एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं जातंय. जर्मनीत २०११ साली हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेत 'इंडस्ट्री फोर पॉइंट झिरो', म्हणजे मशीन, संगणक आणि डेटा एकमेकांना जोडलेला कारखाना, हे नाव पुढं आलं, तेही याच वाटेवरचं पुढचं पाऊल. ज्ञान हलवायला माझी हरकत नाही. ज्याचं होतं त्याला दाराबाहेर ठेवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आता बाकीच्या तक्रारी. दुसरी तक्रार डबीची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रत्येक मशीनवर एक छोटी डबी बसली. ती स्पिंडलचा, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याचा, करंट मोजते आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर मशीन हिरवं, पिवळं नाहीतर लाल दाखवते. मशीन किती वेळ चाललं, ठरलेल्या वेगानं चाललं का, निघालेला माल चांगला किती, हे तीन आकडे गुणून टक्का काढतात. तिन्ही नव्वद टक्के असले तरी गुणाकार त्र्याहत्तरच्या आतच येतो, म्हणून तो आकडा बघून नवीन माणसाच्या पोटात गोळा येतो. आकडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मालकाला शेडमध्ये न येता कळतं, हे चांगलंच आहे. पण डबीला फक्त मशीन थांबलेलं कळतं. का थांबलं ते कळत नाही.

मागच्या पावसाळ्यातली रात्रपाळी. चार नंबरच्या मशीनवर खानापूरकडचा एक पोरगा होता, दोन वर्षांचा अनुभव. बॉडीच्या पातळ कोपऱ्याला टूल लागलं आणि आवाज बदलला. नेहमी कापताना एकसारखी सरसर ऐकू येते, तिथं कडकड आली. ओतकाम पातळ जागी फार लवकर थंड झालं की तिथं लोखंड पांढरं आणि काचेसारखं कडक होतं, त्याला आम्ही हार्ड स्पॉट म्हणतो. त्यानं फीड होल्ड दाबून चाल थांबवली, इन्सर्ट, म्हणजे टूलला लावलेला कापायचा तुकडा, बघितला. टोक उडालं होतं. त्यानं मला हाक मारली, "मामा, हे बघा की." त्या हीटचे राहिलेले पीस आम्ही बाजूला काढले, दुसऱ्या हीटचे लावले. यात चाळीस मिनिटं गेली. चाळीस मिनिटं भिंतीवर चार नंबर लाल.

महिनाअखेर त्या पोराचा इन्सेंटिव्ह कापला. त्या रात्री त्यानं आवाज ऐकून मशीन थांबवलं नसतं तर टूल धरणारा होल्डर गेला असता, कदाचित स्पिंडलला मार बसला असता, आणि ते काम लाखांत जातं. पुढच्या वेळी तो आवाज ऐकेल, पण थांबवायच्या आधी भिंतीकडं बघेल. हे नुकसान तुमचं आहे, आमच्याआधी तुमचं.

त्या डबीला एक टॅब जोडलाय. मशीन थांबलं की ऑपरेटरनं कारण निवडायचं. चौदा कारणं आहेत, चौदाही इंग्रजीत. पोरं काय करतात माहीत आहे? शेवटचं 'अदर्स' दाबतात आणि कामाला लागतात. महिन्याचा अहवाल निघतो त्यात मशीन बंद राहण्याचं सगळ्यात मोठं कारण 'अदर्स'. त्यावर ऑफिसात मीटिंग होते. लाखो रुपये खर्चून गोळा केलेली माहिती अशी वाया जाते. तीच चौदा कारणं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिली, 'इन्सर्ट तुटला', 'माल आला नाही', 'लाइट गेली', तर एका आठवड्यात तुम्हाला खरं चित्र दिसेल.

भाषेचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो, कारण आपल्या भागात हा विषय काढला की लोक लगेच बाजू घेतात. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागात भाषेचं दुखणं आहे, ते इथं उकरून काढायचं नाही. माझ्या शेजारच्या मशीनवर बैलहोंगलचा माणूस आहे, कन्नड. आम्ही दोघं एकमेकांचा डबा खातो. प्रशिक्षणाचा वर्ग इंग्रजीत ठेवला की तोही बाहेर आणि मीही बाहेर. माझी मागणी मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांसाठी आहे.

भाषा का लागते ते सांगतो. मशीनवर वंगण कमी झालं की स्क्रीनवर इंग्रजीत इशारा येतो. एका शेडमध्ये, नाव घेत नाही, नव्या हेल्परला तो वाचता येत नव्हता. रीसेट दाबलं की अलार्म जातो एवढं त्याला माहीत. त्यानं दोन दिवस तो रीसेट दाबत मशीन चालवलं. मशीनचा भाग सरकवणारा बॉल स्क्रू कोरडा पडला. मशीन तीन आठवडे बंद, आणि पोराला घरी पाठवलं. त्याची चूक काय होती, तर 'तेल संपलंय' हे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं.

टिंबाचंही तसंच. बऱ्याच कंट्रोलरवर ५० लिहून पुढं टिंब द्यायला विसरलं तर मशीन ते पन्नास मिलिमीटर धरत नाही, पन्नास मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पन्नास हजारांश, धरतं. हजार पट फरक. पीस २० मायक्रॉन मोठा येत असेल तर ऑफसेटमध्ये, म्हणजे मापाच्या दुरुस्तीच्या आकड्यात, वजा करायचं, कुणी अधिक केलं तर पीस ४० मायक्रॉन मोठा येतो. असल्या गोष्टी माणसाला ज्या भाषेत विचार करायची सवय आहे त्या भाषेत सांगितल्या की एकदाच सांगाव्या लागतात. मी माझ्या हाताखालच्या पोरांसाठी एक वही केलीय. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला स्क्रीनवर इंग्रजीत येतो तसा अलार्म, उजव्या बाजूला मराठीत अर्थ, काय बघायचं, कुणाला बोलवायचं. त्रेसष्ट अलार्म झालेत. पोरं तिचे फोटो काढून फोनमध्ये ठेवतात. आता मच्छे आणि होनग्याच्या शेडमधूनही फोन येतात, मामा, अमक्या अलार्मचं पान पाठवा. हे काम एका सेटरच्या वहीवर का चालावं?

आपल्या मातीत हे नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं, तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. पुढं लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे. नांगर खपायला फार दिवस लागले. गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा घेतली गेली आणि १९१० मध्ये ते औंध संस्थानात कुंडलला गेले. बेळगावनं एक कारखाना घालवला तो तेव्हा. पण त्या घराण्यानं १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून मराठीत नियतकालिकच सुरू केलं. यंत्राची गोष्ट लोकांच्या भाषेत सांगितल्याशिवाय यंत्र लोकांच्या हातात बसत नाही, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेली माणसं याच मातीतली.

आज तर साधनं तयार आहेत. केंद्र सरकारची चेन्नईची निमी ही संस्था आयटीआयची पुस्तकं मराठीतही काढते. शिनोळीला हद्द ओलांडली की चंदगडच्या पोराला ती मिळू शकतात, आणि येळ्ळूरच्या पोराला सहजी मिळत नाहीत. २०२१ पासून एआयसीटीई या देशाच्या तंत्रशिक्षण परिषदेनं इंजिनिअरिंगचं शिक्षण आठ भारतीय भाषांत द्यायला परवानगी दिली, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. इंजिनिअर मराठीत होऊ शकतो, मग ऑपरेटरला इंग्रजीची अट कशासाठी? जून २०२२ मध्ये कर्नाटकातले १५० सरकारी आयटीआय नव्या तंत्रासाठी सुधारून दिले. त्या कामाबद्दल मी मनापासून आभार मानतो. संध्याकाळी पाच नंतर तिथली मशीन बंद असतात. आमची पहिली पाळी तीनला सुटते.

भट्टीबद्दल थोडं. जगातला पहिला औद्योगिक रोबोट १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका मोटार कारखान्यात लागला, आणि त्याला काम दिलं होतं साच्यातून निघालेले गरम भाग उचलायचं. म्हणजे माणसाचा हात जिथं भाजतो तिथं तो आधी गेला. आपल्याकडं मी जेवढ्या शेड पाहिल्या, तिथं रोबोट आला तो सीएनसीवर जॉब चढवायला आणि उतरवायला, जिथं थंड पीस आहे आणि माणसाला बरा पगार आहे. आणि फेटलिंगला, म्हणजे ओतकामाच्या कडा घासून साफ करायला, अजून माणूसच ग्राइंडर धरून उभा. ओतकामाची वाळू बारीक होऊन छातीत जाते, हात थरथरतात, रात्री पेला धरता येत नाही. माझा थोरला चुलता फेटलिंगला होता. शेवटची चार वर्षं तो उशी टेकून बसल्या बसल्या झोपायचा, आडवं झालं की श्वास कोंडायचा. डॉक्टर सिलिकोसिस म्हणाले. रोबोट आणायचाच असेल तर तिथं आधी आणा. त्या माणसाला रोबोटचा पेंडंट, म्हणजे तो चालवायचा बटणांचा फलक, हातात धरायला शिकवा. कुठली कड किती घासायची हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

कायद्याचं एक सांगतो, कारण पुढं कुणी म्हणायला नको की कामगार कायदा न बघता बोलतात. नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. यंत्रात किंवा पद्धतीत असा बदल होणार असेल की ज्यामुळं कामगार कमी होतील, तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची, ही तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्यातही आहे. नव्यात एक फंड आलाय. कामगाराला कमी केलं तर मालकानं त्याच्या पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत त्याच्या खात्यावर जायची. चांगली गोष्ट. पण ती काम गेल्यावर येते. पंधरा दिवसांच्या पगारात चाळिशीतला माणूस काय शिकणार? आणि अक्कासारख्या ठेकेदाराकडच्या बायकांना काढलं असं कायद्याच्या कागदावर येतच नाही. "सध्या काम नाही, फोन करतो" असं सांगतात. मग कायद्याची नोटीसही नाही, फंडही नाही.

आता मागण्या. कारखानदार मंडळींकडं आधी.

ज्याचं काम मशीनकडं, कॅमेऱ्याकडं किंवा रोबोटकडं जाणार आहे त्याला तीन महिने आधी सांगा, आणि त्या तीन महिन्यांत पगारी वेळेत रोज एक तास नव्या यंत्राचं शिक्षण द्या. त्या यंत्रामुळं जे नवं काम तयार होतं, कॅमेऱ्याला नवा पीस शिकवणं, त्यानं बाद केलेला माल पुन्हा बघणं, काच आणि दिवा साफ ठेवणं, त्यावर पहिला हक्क त्याच विभागातल्या माणसाचा धरा, मग तो कायम असो की ठेकेदाराकडचा. अक्काला परत बोलवा. नवी बॉडी यायच्या आत बोलवा.

डबीच्या लाल रंगावरून कुणाचा पैसा कापू नका. ऑपरेटरला त्याची स्वतःची नोंद बघू द्या आणि चुकीची असेल तर दुरुस्त करायची सोय द्या. कारणं आणि अलार्म दोन्ही भाषांत मशीनवर चिकटवा. खर्च लॅमिनेशनचा, बाकी काही नाही.

रोबोटची पुढची ऑर्डर फेटलिंगसाठी द्या.

अधिकारी साहेबांना विनंती अशी. ३५ वयाची अट काढा. आयटीआय नसलेल्याला हातानं शिकलेल्या कामाच्या जोरावर प्रवेश द्या. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र द्यायची आरपीएलची सोय सरकारच्याच कौशल्य योजनेत आहे, ती आमच्या शेडपर्यंत आणा. परीक्षा घ्यायची तर मशीनपुढं घ्या. वर्ग मराठीत आणि कन्नडमध्ये घ्या, निमीची मराठी पुस्तकं बेळगाव, खानापूर, निपाणीच्या केंद्रांत ठेवा. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे देशानं मान्य केलेलं धोरण आहे. मग प्रशिक्षणाची जाहिरातही मराठीत निघायला काय हरकत आहे? अर्ज ऑनलाइनबरोबर कागदावरही घ्या. आणि आयटीआयची मशीन साडेतीन ते रात्री नऊ आमच्यासाठी उघडी ठेवा. शिकवायला माणूस नसेल तर माझ्यासारखे पाचसहा सेटर या भागात आहेत, आम्ही आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला येऊ. मी त्यांच्याशी बोललोय, त्यातले दोघं कन्नड आहेत.

यातल्या कुठल्या मागणीला अडचण असेल तर ती सांगा. दोन एकदम जमत नसतील तर एक आधी करा. पण उत्तर द्या, आणि बोर्डावर लावा, ते दोन कागद लावले होते तिथंच.

खंडेनवमीला दरवर्षी आपण सगळे शेडमध्ये जमतो. मशीन पुसून झेंडूचे हार घालतो, हळदकुंकू लावतो, मालक नारळ फोडतात, साहेब लोकही येतात. यंदा पूजा झाल्यावर अर्धा तास बसू. मी वही घेऊन येतो. तिची झेरॉक्स काढून प्रत्येक मशीनला लावायला माझी परवानगी आहे, नाव माझं नको. फक्त चौसष्टाव्या पानावर कॅमेऱ्याचा पहिला अलार्म लिहायचाय, आणि तो अक्काला विचारल्याशिवाय मला लिहिता येणार नाही.

आपला,
एक सीएनसी सेटर
येळ्ळूर, जि. बेळगाव